पांढऱ्यातलं पाणी, काळ्यातलं पाणी

माझा धाकटा भाऊ काय करतो, असं नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या ऑफिसात कुणी विचारलं की मी आधी 'व्हिडिओ बनवतो' एवढंच सांगत असे. कशाचे, असं पुढं विचारलंच तर सांगावं लागायचं, की गेम खेळायचे दोन मोठे कन्सोल बाजारात आहेत, एकाच गेमचं चित्र त्यातल्या कोणत्यावर जास्त चांगलं दिसतं ते तो लोकांना दाखवतो. यावर समोरचा माणूस 'अच्छा' म्हणून आपल्या कामाला लागायचा. पण हे पाहणारे लोक होते, आणि पुष्कळ होते. त्यावर त्याचं चांगलं चाललं होतं.

बाबा गेल्यावर आम्ही काटोलचं घर भाड्यानं देऊन नागपूरला आलो. आई, मी आणि तो. फ्लॅटच्या हॉलमध्ये मोठा टीव्ही, त्याखाली एक पांढरा कन्सोल आणि एक काळा. आई त्यांना डबे म्हणायची. तुझे डबे पुसून ठेवले, तुझ्या डब्यावर पाल बसली होती, असं. मग तोही त्यांना डबेच म्हणू लागला, व्हिडिओतसुद्धा. पांढरा डबा आणि काळा डबा.

त्याची एक पद्धत होती. दोन्ही डब्यांवर तोच गेम लावायचा, गेममधल्या माणसाला नेमक्या त्याच जागी नेऊन उभं करायचं, आभाळ तसंच, ऊन तसंच, आणि तिथं चित्र थांबवायचं. मग दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून मोठी करत जायची. डोक्याचे केस सुटे दिसतात की एकत्र चिकटवल्यासारखे. लांबच्या जिन्याचा कठडा सरळ दिसतो की पायऱ्यापायऱ्यांचा. रस्त्यावरच्या डबक्यात दुकानाची पाटी उमटली आहे की नुसताच रंग. गुडघ्यांवर कोपरं टेकून तो हे पाहत बसायचा आणि जे दिसेल ते आमच्या घरच्या भाषेत सांगायचा. त्याचं एक वाक्य त्याच्या प्रेक्षकांत फार चाललं होतं. "पांढऱ्यातलं पाणी पाहा, पाण्यासारखं पाणी आहे. काळ्यातलं पाणी मंगल कार्यालयाच्या फरशीसारखं चकाकून राहिलं." अकोल्या-अमरावतीची पोरं लिहायची, की भाऊ, या विषयावर आपल्या बोलीत बोलणारा पहिल्यांदाच ऐकला. पांढऱ्याचे भक्त त्याला काळ्याचा माणूस म्हणायचे आणि काळ्याचे भक्त पांढऱ्याचा. याचा त्याला अभिमान होता.

मला मात्र कधीच काही फरक दिसला नाही. ऑफिसातून आले की तो मला सोफ्यावर बसवायचा, पर्ससुद्धा ठेवू द्यायचा नाही. कोणता चांगला, विचारायचा. मी दोन्ही चित्रं नीट पाहायचे आणि सांगायचे, दोन्ही सारखी आहेत. तो डोकं धरून बसायचा आणि स्वयंपाकघरात आईला ऐकू जाईल असं सांगायचा, की ताईले चंद्र आन् ट्यूबलाइट सारखेच दिसते. आई आतून हसायची.

त्या उन्हाळ्यात एक गेम आला. जुनं बंदराचं शहर, गल्ल्या, गर्दी, समुद्र. याची वाट तो आणि त्याचे प्रेक्षक वर्षभर पाहत होते. खिडकीत कूलर धडधडत होता, तो बंद करून, घामाघूम होत त्यानं आवाज भरला आणि व्हिडिओ टाकला. त्यात तो म्हणाला होता, की या वेळी काळ्यानं निराशा केली, चित्राच्या मधात धूर सोडल्यासारखं दिसते, माणसाचा चेहरा पाहायला जावं तर चेहराच पुसट.

लोकांनी लिहिलं, असं काही नाही. आधी एकदोघांनी लिहिलं, मग सगळेच लिहू लागले. एकानं त्याच्याच व्हिडिओतली चित्रं कापून, मोठी करून पाठवली, आणि विचारलं, दादा, धूर कुठं आहे? भावाला पहिल्यांदा हसू आलं. काळ्याचे लोक आहेत, म्हणाला. पण ती पाठवलेली चित्रं तो सारखी उघडून पाहत होता. मग त्यानं केबल बदलली. मग काळा डबा कापडात गुंडाळून सीताबर्डीला दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं उघडून पाहिला, आतली धूळ काढली आणि मशीन ठणठणीत आहे म्हणून परत दिला.

घरी आणून त्यानं तो टीव्हीला जोडला, तो गेम लावला, थोडा वेळ पाहिलं. मग केबल काढून पांढऱ्याला लावली. मी पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गर काढत तिथंच खाली बसले होते.

"ताई," तो म्हणाला, "दोन्ही सारखेच दिसून राहिले."

मी हसले. म्हटलं, मी इतकी वर्षं काय सांगून राहिले तुले? तोही हसला. आम्हा दोघांना वाटलं, टीव्ही गेला. जुना झालाच होता. दुसरा आणला. नव्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल अजून हॉलमध्ये पसरलेला होता तेव्हाच मला त्याच्या तोंडाकडे पाहून कळलं, की यातही तेच आहे.

तरी डोळ्यांचा विचार आमच्यापैकी कुणाच्या मनात आला नाही. त्याच्या डोळ्यांवर आमच्या घरात कुणी शंका घेणं शक्यच नव्हतं. तो थकला आहे, उष्णता झाली आहे, झोप होत नाही, असंच आम्ही धरून चाललो. पहिल्यांदा बोलली ती आई. एकदा जेवताना ती त्याच्याबद्दल मला म्हणाली, बाबू आताशा माझ्याकडे पाहून बोलत नाही, रागावला आहे का माझ्यावर? मी तिला म्हटलं, काही नाही, कामाच्या टेन्शनमध्ये आहे. पण त्यानंतर मी लक्ष ठेवलं. तो माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे पाहत होता. ताटात भाजी कुठं आहे ते पाहायला मान किंचित वळवत होता. मोबाईल नाकासमोर न धरता बाजूला धरत होता.

मी विचारलं, "तुले माझं तोंड दिसते का गा?"

"दिसते नं."

"नीट पाहून सांग."

त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिला. "कान दिसते," तो म्हणाला. "केस दिसते. नाक कुठी गेलं काय माहीत."

धंतोली भागात दवाखान्यांची काही कमी नाही. कुणीतरी सुचवलेल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे आम्ही गेलो. सकाळपासून बाहेर बाकावर बसलो होतो. त्याच्या डोळ्यांत थेंब घातले होते, बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, आणि खिडकीतलं ऊन सहन होईना म्हणून तो माझी ओढणी चेहऱ्यावर घेऊन बसला होता. शेजारी यवतमाळकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. तिनं डब्यातला शिरा आम्हाला दिला आणि विचारलं, मोतीबिंदू का? मी म्हटलं, नाही, याचं वय कुठं आहे. ती म्हणाली, मग चष्म्यानं होईल. मला तेव्हा ते पटलं आणि मी शिरा खाल्ला.

आत डॉक्टरांनी त्याला एक कागद दाखवला. त्यावर वहीच्या चौकटींसारख्या उभ्या-आडव्या रेघा होत्या आणि बरोबर मधोमध एक काळा ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघा आणि बाजूच्या रेघा कशा दिसतात ते सांगा, असं त्या म्हणाल्या. त्यानं कागद हातात धरला. मी मागं उभी होते, मला तो ठिपका स्पष्ट दिसत होता.

"कोणता ठिपका?" तो म्हणाला.

पुढं फोटो काढले, यंत्रावर हनुवटी टेकवून पडद्याचे थर पाहिले, रक्त घेतलं. पुन्हा बोलावलं तेव्हा डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग दोन्हीकडे झिजत चालला आहे. हे जन्मासोबतच आलेलं, आईवडिलांकडून, त्यांना स्वतःला काही नसलं तरी. बारीक पाहायचं, वाचायचं, चेहरे ओळखायचं काम हा मधला भाग करतो. कडेची नजर बहुधा शाबूत राहील, तो हिंडूफिरू शकेल. आजवर लक्षात आलं नाही, कारण जिथं दिसत नाही तिथं मेंदू आजूबाजूचा रंग भरून घेतो. चष्म्याचा उपयोग नाही. ऑपरेशन नाही. औषधांवर संशोधन चालू आहे, पण आज त्यांच्या हातात देण्यासारखं काही नाही.

भावानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, "म्हणजे कडेचं रिझोल्यूशन तसंच राहीन, आन् मधातलं कमी होत जाईन?"

"हो. असंच म्हणता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "किती वेगानं, ते मला सांगता येणार नाही."

मग आई पुढं सरकली. तिनं पदर सावरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, माझा एक डोळा याले लावून द्या. मले एकानं भागते." डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढली, आईचा हात हातात घेतला आणि सांगितलं, की डोळ्याची पुढची काच बदलता येते, मागचा पडदा बदलता येत नाही. आई मान हलवत होती. रिक्षात बसल्यावर तिनं मला विचारलं, त्या मॅडमले माझे दोन्ही डोळे पाहिजे असतीन का? भाऊ रिक्षाच्या बाहेर पाहत होता, म्हणजे माझ्याकडे पाहत होता की काय, हे मला तेव्हा ओळखता येत नव्हतं.

त्यानंतरचे महिने आईनं गाजर, पालक आणि गाईचं तूप यांत काढले. कुणी काही सांगितलं की ती आणायची. तो सगळं खायचा. मी ऑफिसात बसून दुसऱ्या शहरांतल्या दवाखान्यांना फोन करायचे, त्याचे रिपोर्ट पाठवायचे, आणि तिकडून तेच उत्तर यायचं, फक्त अधिक आदबीनं. एका ठिकाणी दोन वर्षांनी पुन्हा विचारा म्हणाले. मी कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर लिहूनही ठेवलं आणि मग ते पान उलटायची भीती वाटू लागली.

तो मात्र व्हिडिओचं सोडायला तयार नव्हता. बंदराच्या शहराच्या गेमचा पुढचा भाग आला होता. दोन्ही डब्यांची तुलना करून दाखवीन, असा शब्द तो डोळ्यांचं कळण्याआधी देऊन बसला होता. एका रविवारी सकाळी त्यानं मला हाक मारली.

"तू पाहा आन् मले सांग," तो म्हणाला. "बोलीन मी."

मी म्हटलं, मला फरक कळत नाही हे तुला माहीत आहे. तो म्हणाला, तुला कळायची गरज नाही, जे आहे ते सांग, कळायचं काम मी करतो. हे ऐकायला सोपं वाटलं. मी टीव्हीसमोर स्टूल घेऊन बसले. तो माझ्या उजवीकडे, मान भिंतीकडे वळवून, कडेच्या नजरेनं पडदा पकडत. गेममधल्या माणसाला त्यानं सवयीनंच हवं तिथं नेऊन उभं केलं, एका झाडाखाली, आणि चित्र थांबवलं.

"झाडाची पानं कशी आहे?"

"हिरवी."

"हिरवी तर असतीनच. कड कशी आहे? कापल्यासारखी, का करवतीसारखी?"

मी पाहिलं. पानं होती. मी इतकी जवळ गेले की पानांचे चौकोन झाले, आणि मग मागं आले की पुन्हा पानं झाली. मी म्हटलं, पानासारखीच आहेत. त्यानं श्वास सोडला, पण चिडला नाही. तो इतका वेळ चिडला नाही यानं मला जास्त जड वाटत होतं. त्यानं मला सावली विचारली, भिंतीवरचे पोपडे विचारले, लांबच्या होड्या अचानक उगवतात की हळूहळू दिसू लागतात ते विचारलं. मी शब्द शोधत होते. चांगलं आहे, स्वच्छ आहे, थोडं अंधुक आहे, नाही, अंधुक नाही. त्याचे डोळे मला कुणी उसने दिले असते तरी त्यांनी काय पाहायचं हे मला माहीत नव्हतं.

मग दुपारच्या सुमारास मला एक गोष्ट दिसली. चौकात एक घोडागाडी उभी होती. काळ्या डब्यावर तिच्या खालची सावली थरथरत होती, अगदी बारीक, कूलरसमोर धरलेल्या कागदासारखी. पांढऱ्यावर ती स्थिर होती. मी पुन्हा पाहिलं, केबल बदलून पाहिलं. होती. आयुष्यात पहिल्यांदा मला दोन चित्रांतला फरक दिसला होता आणि मी इतक्या मोठ्यानं सांगितलं, की आई आतून आली.

तो पुढं वाकला. मान वळवून, पडदा नजरेच्या कडेत धरून, फार वेळ पाहत राहिला.

"थरथरते म्हणजे कशी? रेघ हलते का पूर्ण सावली हलते?"

"रेघ. नाही, सावलीच, पण कडेनं."

"सारखी हलते, का कॅमेरा फिरला की हलते?"

आम्ही कॅमेरा फिरवला. आता मला ती पांढऱ्यावरही हललेली दिसली. मग वाटलं, नाही हलली. बघून बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि दोन्ही सावल्या मिसळू लागल्या होत्या.

"तुले पक्की खात्री आहे का वं ताई?" त्यानं विचारलं.

मला हो म्हणायचं होतं. मी म्हटलं, "नाही."

त्यानं कंट्रोलर मांडीवरून उचलून खाली ठेवला. "मंग राहू दे," तो म्हणाला. "जे मी पाहिलं नाही ते मी कसं सांगू लोकाईले?"

मी म्हटलं, तुझे सगळे व्हिडिओ लोक तुझ्यावर विश्वास ठेवूनच पाहतात, मग तू माझ्यावर ठेव. तो म्हणाला, तुझ्यावर विश्वास आहेच, तुझ्या पाहण्यावर नाही. हे त्यानं दुखवायला म्हटलं नव्हतं. आई दारात उभी राहून म्हणाली, मी पाहू का? आणि पदरानं चष्मा पुसत ती खरोखरच स्टुलावर येऊन बसली, समोरच्या थांबलेल्या चौकाकडे पाहू लागली. तिनं घोडा छान आहे म्हणून सांगितलं.

काही दिवसांनी त्यानं कॅमेऱ्यासमोर बसून शेवटचा व्हिडिओ केला. त्यात त्यानं मागच्या वेळचा धूर काळ्या डब्याचा नव्हता, आपल्या डोळ्यांचा होता, असं सांगून काळ्याच्या लोकांची माफी मागितली. एवढंच आणि धन्यवाद. त्याच्याखाली लोकांनी खूप लिहिलं. मी ते त्याला वाचून दाखवत होते. पत्ते, वैद्य, काढे, आशीर्वाद. ज्यानं चित्रं कापून धूर कुठं आहे विचारलं होतं, त्यानंही लिहिलं होतं, पण ते वाचताना भाऊ म्हणाला, पुरे, आणि उठून गॅलरीत गेला.

आता तो एका संस्थेत आवाजावर चालणारा कॉम्प्युटर शिकतो. फोनवरून बोलायची कामं मिळतील असं ते म्हणतात. कधी मिळतील ते सांगत नाहीत. दोन्ही डबे अजून टीव्हीखाली आहेत. आठवड्यातून एखाद्या वेळी तो गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावतो, कारण त्यात कडेचं पाहून थोडंफार जमतं. बाकी मी विचारत नाही.

मध्यंतरी काटोलला नात्यातलं लग्न होतं. तो यायला तयार नव्हता, आईनं आग्रह केला. मांडवात आमचे एक मोठे काका त्याच्याशी बोलायला आले. त्यांनी त्याच्या तब्येतीची, कामाची चौकशी केली, आणि तो त्यांचा चेहरा दिसावा म्हणून मान पूर्ण वळवून स्टेजकडे पाहत उत्तरं देत होता. काकांना कुणी काही सांगितलेलं नसावं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, पोट्टा नागपूरले जाऊन मोठा झाला, आता मोठ्या माणसाशी बोलतानाही इकडंतिकडं पाहते.

मी सांगायला तोंड उघडलं. भावानं माझं मनगट धरलं. मी कुठं उभी आहे ते त्याला कडेच्या नजरेनं दिसत होतं. काका पंगतीकडे निघून गेले, आणि तो स्टेजकडे तोंड करून तसाच उभा राहिला, ते किती लांब गेले ते पाहत.